ब्रूनोची खाज आणि न्हाणीघरातल्या पाच बाटल्या

प्रश्न : आमचा ब्रूनो लॅब्रेडॉर आहे, पांढुरका, येत्या संक्रांतीला तीन वर्षांचा होईल. मागच्या पावसाळ्यापासून खाजवतोय. पुढचे पंजे चाटून चाटून तांबूस झालेत, कानाला वास येतो, पोटावर आणि काखेत लाल चट्टे आहेत. रात्रभर गळ्यातली घंटी वाजत राहते, घरात कुणालाच झोप नाही. आजवर पाच प्रकार झाले : लहान मुलांचा शाम्पू, कडुलिंबाचा साबण, आमचाच कोंड्याचा शाम्पू, मुलानं ऑनलाइन मागवलेला एक आयुर्वेदिक आणि दुकानदारानं दिलेला गोचिडांचा. दर रविवारी आंघोळ घालते. दोन दिवस बरा असतो, की पुन्हा तेच. सासूबाई म्हणतात, तंबाखूचं पाणी लाव, आम्ही म्हशींना तेच लावत होतो. नेमका कोणता शाम्पू घेऊ, एकदा सांगा.
– एक वाचक, निपाणी

उत्तर : ताई, शाम्पूचं नंतर सांगते. आधी तंबाखूचं पाणी, कारण हे वाचेपर्यंत कुणीतरी ते उकळायलाही ठेवलं असेल. ते लावू नका. निपाणी भागात तंबाखूचा चुरा घरोघर असतो, म्हणून हा उपाय सगळ्यांना आधी सुचतो. तंबाखूतलं निकोटिन कातडीतून आत जातं आणि खाजवून कातडी सोललेली असेल तर आणखी भराभर जातं. शिवाय कुत्रं अंगाला लावलेलं सगळं चाटतं. लाळ गळते, उलट्या होतात, अंग थरथरतं, झटके येतात आणि शेवटी श्वासच थांबतो. चिकोडी भागातून एकदा दोन महिन्यांचं पिल्लू माझ्या दवाखान्यात टॉवेलात गुंडाळून आणलं होतं. पिसवा जाव्यात म्हणून सकाळी त्याला हे पाणी चोळलं होतं. दुपारी माझ्या टेबलावर आलं तेव्हा ते थंड पडत चाललं होतं, वाचवता आलं नाही. घरातली म्हातारी बाई दारात उभी राहून एकच म्हणत होती, ‘चांगलं व्हावं म्हणूनच लावलं की वो.’ सासूबाईंना हे सांगा, पण त्यांना दोष देऊ नका. म्हशीचं वजन चारशे-पाचशे किलो, कातडं जाड, म्हणून तिनं ते सोसलं असेल. तिच्यासाठीही ते चांगलं नव्हतंच.

आता शाम्पू. तुम्ही पाच बाटल्या बदललात, पण खाज कशामुळे येतेय हे अजून कुणी पाहिलेलं दिसत नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं झालंय. अंग कुठं खाजवतंय ते बघितलं की निम्मं उत्तर मिळतं, आणि तुमच्या पत्रात ते व्यवस्थित लिहिलेलं आहे, म्हणून मी एवढं बोलू शकते.

पिसवांची ॲलर्जी असती तर ब्रूनोनं कंबर आणि शेपटीचं बूड कुरतडलं असतं, तिथले केस गेले असते. खरूज असती तर कानांच्या कडा आणि कोपरं आधी खरबरीत झाली असती. कानाची कड दोन बोटांत धरून हलकेच चोळली की खरूज झालेलं कुत्रं बहुतेक वेळा मागचा पाय आपसूक झाडायला लागतं. आणि एव्हाना घरातल्या कुणाच्या तरी हाताला, पोटाला पुरळ उठलं असतं, कारण ही खरूज माणसालाही थोडे दिवस छळते. पंजे, कान, काख, पोट, वयाच्या पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात सुरुवात आणि पावसाळ्यात जोर, हे चित्र हवेतल्या आणि घरातल्या गोष्टींच्या ॲलर्जीचं आहे. धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे गादीत, सोफ्यात, पायपुसण्यात राहतात आणि ओलसर हवेत वाढतात. आपल्याकडे त्यात काँग्रेस गवताची भर. रस्त्याकडेला, उसाच्या बांधाला, रिकाम्या प्लॉटवर, कुठं नाही ते सांगा. माणसाच्या अंगावर त्यानं चट्टे उठतात हे सगळ्यांना माहीत आहे. कुत्रं तर त्यातून उघड्या पोटानं चालतं. पंजे तांबूस झालेत तो रंग लाळेचा आहे. म्हणजे तो तासन्‌तास चाटत असणार.

तरीही पिसवा नाहीत याची खात्री करून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. पांढरा कागद ओला करून ब्रूनोच्या कमरेखाली धरा आणि बारीक दातांच्या फणीनं, उवांची असते ती चालेल, उलट्या दिशेनं केस विंचरा. काळे बारीक कण पडतील. ते नुसतेच चिखलासारखे काळे राहिले तर धूळ. त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे कुत्र्याचंच पचलेलं रक्त. ज्याला पिसवांची ॲलर्जी आहे त्याला एक-दोन चावे पुरतात, त्यामुळे ‘आम्हाला एकही पिसू दिसली नाही’ यावर मी कधी विसंबत नाही.

आता तुमच्या पाच बाटल्या. माणसाची कातडी बऱ्यापैकी आम्ल असते, कुत्र्याची त्यापेक्षा कमी आम्ल, आणि तिचा वरचा थर आपल्यापेक्षा पातळ. लहान मुलांचा शाम्पू सौम्य खरा, पण तो बाळाच्या कातडीला सौम्य. एखाद्या वेळी चालतो, दर आठवड्याला नको. कडुलिंबाचा असला तरी साबण तो साबणच. तो कातडीचं तेल ओरबाडून काढतो आणि बोअरच्या जड पाण्यात त्याचा पांढरा थर केसांच्या मुळाशी चिकटून राहतो. बादलीच्या कडेला जमतो ना, तोच थर. कोंड्याच्या शाम्पूत कधी कधी बुरशीचं औषध असतं, म्हणून काहींना त्यानं बरं वाटतं, पण बाकीचा फेस आणि वास माणसाच्या डोक्यासाठी केलेला असतो. आयुर्वेदिक बाटलीवर काय लिहिलंय ते तुम्ही कळवलं नाही. त्यात टी ट्री, निलगिरी, कापूर असली तेलं असतील तर ती आधीच भाजलेल्या कातडीवर झोंबतात, आणि टी ट्रीचं तेल जास्त प्रमाणात गेलं तर कुत्र्याला विषच. आणि गोचिडांचा शाम्पू ज्याच्या अंगावर गोचीडच नाही त्याला कशाला? गोचीड असल्या तरी धुतल्यावर त्याचा परिणाम फारसा टिकत नाही. शिवाय घरात मांजर असेल तर जास्त जपा. यातल्या काही बाटल्यांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराच्या जिवावर बेततं.

ब्रूनोला सध्या दोन गोष्टी झाल्यात, असं मला वाटतं. मुळात ॲलर्जी, आणि तिच्यामुळे सोललेल्या कातडीवर बुरशी आणि जंतू. कानाचा वास, पंजांचा चिकटपणा, आंबलेल्या पिठासारखा दर्प ही बुरशीची खूण. म्हणून पहिला महिनाभर औषधी शाम्पू घ्या. बाटलीची पुढची बाजू, कुत्र्याचा फोटो, ‘अँटी-इच’ हे शब्द सोडून द्या. बाटली उलटी करा आणि मागं बारीक अक्षरांत क्लोरहेक्सिडिन (जंतूंवरचं) २ टक्के आणि मायकोनाझोल (बुरशीवरचं) २ टक्के असं आहे का बघा. मायकोनाझोलऐवजी कीटोकोनाझोल असलं तरी चालेल. नुसतं क्लोरहेक्सिडिन असेल तर ते ३ ते ४ टक्के हवं. टक्केवारी लिहिलेलीच नसेल तर बाटली परत ठेवा, कितीही महाग असली तरी. आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि रविवारी, तीन ते चार आठवडे.

वास गेला, चिकटपणा गेला की ती बाटली थांबवायची आणि दुसरी सुरू करायची : ओटमीलची किंवा सेरामाइड असलेली, वास नसलेली, साबण नसलेली. कातडीची निघून गेलेली ओल आणि तेल जपायला ती मदत करते. आठवड्यातून एकदा पुरे. हीच बाटली आता आधी आणली असतीत तर बुरशी तशीच राहिली असती आणि तुम्ही म्हणाला असता, हीसुद्धा फुकट गेली.

पण ताई, मनापासून सांगते, बाटलीपेक्षा घड्याळ महत्त्वाचं आहे. औषधी शाम्पू अंगावर १० मिनिटं राहावा लागतो. फेस केला आणि लगेच पाणी ओतलं तर औषध गटारात गेलं. माझ्याकडे येणाऱ्या दहा जणांपैकी नऊ जण इथं चुकतात, आणि हे मला फार उशिरा कळलं. मीसुद्धा कितीतरी वर्षं नुसता कागद लिहून देत होते. मग एका आजोबांच्या लॅब्रेडॉरला तीन महिने फरक पडेना, म्हणून मी दवाखान्याच्या मागच्या नळावर त्याला स्वतः आंघोळ घातली. आजोबा घड्याळ बघत उभे. दोन मिनिटं झाली तशी म्हणाले, ‘झालं की डॉक्टर, घाला पाणी.’ त्या दिवसापासून ते गाजराचे बारीक तुकडे वाटीत घेऊन बसतात, एका मिनिटाला एक तुकडा, दहा तुकडे संपले की पाणी. कुत्रं वाटीकडे बघत शांत उभं राहतं. महिन्यात त्याच्या पोटाचा काळेपणा कमी झाला होता.

आंघोळीचं पाणी साधं किंवा किंचित कोमट, कारण गरम पाण्यानं खाज भडकते. आधी अंग पुरतं भिजवा. लॅब्रेडॉरचे केस दुहेरी असतात, वरून ओले दिसतात आणि आत कोरडे राहतात, म्हणून बोटं मुळापर्यंत घाला. शाम्पू थोड्या पाण्यात मिसळून घेतला की सगळीकडे पोचतो. सुरुवात पंज्यांपासून करा, बोटांच्या बेचक्यात, मग काख, पोट, मानेखालची घडी, पाठ सगळ्यात शेवटी. म्हणजे जिथं दुखतंय तिथं औषध सर्वांत जास्त वेळ राहील. डोळ्यांत आणि कानात जाऊ देऊ नका. मग पाणी घालत राहा, हाताला बुळबुळीत लागेनासं होईपर्यंत. पुसताना पुन्हा बोटांची बेचकी. निपाणीत एकवेळ ऊन तरी मिळतं. खानापूर-जांबोटीकडे पावसाळ्यात कुत्रं वाळवायचं म्हणजे परीक्षाच. जुनी सुती धोतरं दोन-तीन हाताशी ठेवा आणि पंख्याखाली बसवा. ओलं कुत्रं तसंच पोत्यावर झोपलं तर केलेलं सगळं पाण्यात. पहिल्या वेळी पूर्ण अंगाला लावण्याआधी मांडीच्या आतल्या बाजूला थोडा शाम्पू लावून धुऊन टाका आणि दुसऱ्या दिवशी बघा. लाली वाढली तर तो नको.

रोज फिरून आल्यावर पंजे आणि पोट नुसत्या पाण्यानं धुऊन पुसून घ्या, साबण नको. अंथरूण आठवड्यातून एकदा कढत पाण्यात.

एवढं करूनही ब्रूनोला डॉक्टरांकडे न्यायचंच आहे. कानाचा वास शाम्पूनं जाणार नाही, कानात बघून औषध द्यावं लागतं. कातडीवर चिकटपट्टी लावून ती सूक्ष्मदर्शकाखाली बघितली की बुरशी किती आणि जंतू किती हे तिथल्या तिथं कळतं. तेवढा आग्रह धरा. खाणं कारणीभूत आहे का हेही ते तपासतील. त्यासाठी किमान आठ आठवडे एकच ठरलेलं खाणं द्यावं लागतं आणि त्या काळात सासूबाईंनी प्रेमानं टाकलेला चपातीचा तुकडासुद्धा चालत नाही, हे आधीच घरात बोलून घ्या. खाज थांबवणाऱ्या चांगल्या गोळ्या आता मिळतात. मेडिकलमधून आपणच स्टिरॉइडच्या गोळ्या आणून देऊ नका. दोन दिवसांत खाज जाते, म्हणून लोक देत राहतात, आणि वर्षभरात कुत्र्याचं पोट सुटतं, तहान वाढते, कातडी पापुद्र्यासारखी होते. ही ॲलर्जी कायमची जाणार नाही, पण आटोक्यात राहते. घंटी वाजायची थांबेल, एवढं मात्र मी सांगते.

प्रश्न : आमच्याकडे मुधोळ जातीच्या कुत्र्यांची जोडी आहे. बाजारातल्या शाम्पूवर विश्वास नाही. रिठा-शिकेकाई किंवा बेसन-हळद लावून दर आठवड्याला आंघोळ घातली तर चालेल का? दोघांच्याही कोपरांवरचे केस जाऊन कातडी जाड, काळी झाली आहे. ती ॲलर्जी आहे का?
– एक वाचक, अथणी

उत्तर : दादा, मुधोळला दर आठवड्याला आंघोळ लागतच नाही. मुधोळ संस्थानच्या घोरपड्यांनी जोपासलेली ही जात, २००५ साली टपाल तिकिटावरही आली. केस आखूड, अंगावर चरबी नाही, कातडी पातळ. तिला ना कुबट वास येतो ना तेलकटपणा. दोन महिन्यांतून एकदा आंघोळ आणि मधे ओल्या फडक्यानं पुसणं पुरतं. थंडीत तर पहाटे पाणी घालूच नका, ही कुत्री कुडकुडतात.

रिठ्याचा फेस सौम्य असतो असा समज आहे, पण तो चांगलाच कडक असतो. सोन्याचे दागिने त्यानं उजळतात, ते उगीच नाही. डोळ्यांत गेला तर भयंकर झोंबतो. निरोगी कुत्र्याला पातळ करून कधीतरी वापरलात तर माझी हरकत नाही. खाजणाऱ्या कुत्र्याला मात्र नको. बेसन केसांत वाळून राहतं आणि ते काढताना आपण कातडी घासतो, त्यापेक्षा नुसतं पाणी बरं.

कोपरांचं जे लिहिलंय ते ॲलर्जीपेक्षा घट्ट्याचं वाटतं. हाडकुळं कुत्रं फरशीवर बसलं की सगळा भार कोपरावर येतो आणि तिथं आपल्या टाचेसारखं घट्टं पडतं. त्याला शाम्पू लागत नाही, जाड वाकळ लागते, चौपदरी घडी करून. रात्री थोडं खोबरेल चोळा. घट्ट्यातून पाणी किंवा पू येत असेल, किंवा कानाच्या कडाही खरबरीत झाल्या असतील, तर मात्र दाखवा.

प्रश्न : मी कॉलेजला जाते. आमच्या दारात एक गल्लीतलं कुत्रं येतं. सगळे केस गेलेत, कातडी हत्तीसारखी झालीय, सारखं खाजवूलालंय. शेजारचे काका म्हणतात, गाडीचं जळकं ऑईल लाव. आंघोळ घालू द्यायला ते जवळ येतच नाही. काय करू?
– एक वाचक, खानापूर तालुका (बेळगाव)

उत्तर : जळकं ऑईल अजिबात नको, बाळा. आमच्या घरी शेरू होता. मी चौथीत असताना वडिलांनी त्याला ट्रॅक्टरचं जळकं ऑईल लावलं, तेव्हा सगळेच लावायचे. दोन दिवस तो बैलगाडीखाली पडून होता, पाठीची कातडी भाजल्यासारखी सुटून आली. जगला तो, पण त्यानंतर वडिलांच्या हाताला कधी आला नाही. त्यांनी भाकरी पुढं केली तरी लांब उभा राहून खाली ठेवायची वाट बघायचा. वडिलांना त्याचं फार लागलं होतं.

तुझ्या कुत्र्याला शाम्पूची गरजच नाही, आणि ते चांगलंच आहे, कारण त्याला धरायची गरज नाही. ही बहुधा खरूज आहे. आता त्यावर तोंडानं द्यायच्या गोळ्या आहेत, फ्ल्युरालनर, अफॉक्सोलनर, सारोलनर या नावांच्या. एकाच गोळीत किंवा महिन्याच्या अंतरानं दोन गोळ्यांत खरूज जाते, पिसवा आणि गोचीडही जातात. गोळी वजनाप्रमाणे असते. कुत्र्याचा मोबाइलवर फोटो काढ, शेजारी बादली किंवा पायरी दिसेल असा, म्हणजे आकाराचा अंदाज येईल. तो घेऊन जवळच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात जा. पाटीवर कन्नडमध्ये ‘पशु आस्पत्रे’ लिहिलेलं असेल. मराठीत बोललीस तरी ऐकून घेतात, माझा इतक्या वर्षांचा अनुभव तोच आहे. कुत्री गाभण आहे का, पिल्लं पाजतेय का, कधी झटका आलाय का, हे तिथं आठवणीनं सांग. गोळी महाग वाटेल, गल्लीत चार घरांनी मिळून घ्या.

दिलेली गोळी उकडलेल्या अंड्याच्या तुकड्यात दाबून, पोटात काही गेल्यावर दे. ती गिळली का हे थांबून बघ, काही कुत्री अंडं खाऊन गोळी बाजूला काढून ठेवतात. तोवर त्याला हात लावलास तर साबणानं धुऊन टाक, आणि ते बसतं ते पोतं जाळून दुसरं घाल. आठवडाभरात खाज कमी झालेली दिसेल. केस यायला महिना-दोन महिने लागतील. त्याच पायरीशी पुन्हा एक फोटो काढ आणि दोन्ही मला इथं पाठव.